सहा पदं, चार पगार, तीन शिक्षक : एका जिल्हा परिषद शाळेचं प्रकरण

पार्श्वभूमी

सह्याद्रीच्या पूर्व उतारावरचं एक गाव आणि त्याच्या दोन वाड्या. तिथे जिल्हा परिषदेची पहिली ते सातवीची शाळा आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचं, तालुक्याचं किंवा माणसांचं नाव दिलेलं नाही. जून २०२२ मध्ये शाळेचा पट १३१ होता : पहिली ते पाचवी ९३, सहावी-सातवी ३८. त्याच महिन्यात पाच मुलांचे दाखले तालुक्याच्या इंग्रजी शाळेत गेले होते, ते वजा जाऊन हा आकडा. गावातली काही कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. त्यांची मुलं आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० मुलांना ३ आणि ९१ ते १२० मुलांना ४. म्हणजे ९३ च्या पटाला ४ उपशिक्षक. सहावी-सातवीला २ पदवीधर शिक्षक मंजूर होते. एकूण ६. स्वतंत्र मुख्याध्यापकाचं पद या पटाला बसत नव्हतं, म्हणून सर्वांत ज्येष्ठ बाईंकडे पदभार होता.

प्रत्यक्षात शाळेत तीनच शिक्षक होते. एक उपशिक्षक २०१९ मध्ये आंतरजिल्हा बदलीने गेले, ती जागा तेव्हापासून रिकामी. गणित-विज्ञानाचे पदवीधर शिक्षक ३१ मे २०२२ ला निवृत्त झाले. आणखी एक उपशिक्षक २०२१ पासून 'कामगिरीवर' (म्हणजे पद शाळेतलं, काम दुसरीकडे) तालुक्याच्या कार्यालयात संगणकाचं काम करत होते. त्यांचं नाव शाळेच्या हजेरीपटावर होतं, पगार याच शाळेच्या पदावर निघत होता, पण वर्गात ते दीड वर्ष आले नव्हते.

याचा अर्थ वर्गात काय होतो, हे तिसरी-चौथीच्या खोल्यांत दिसायचं. दोन्ही खोल्यांच्या मधलं दार काढून भिंतीला टेकवून ठेवलं होतं. बाई उंबऱ्यात उभ्या राहायच्या. डावीकडे चौथीला भागाकाराचं गणित घालायचं, ते सुटेपर्यंत उजवीकडे तिसरीचं वाचन घ्यायचं. चौकटीच्या दोन्ही बाजूंना खांद्याच्या उंचीवर खडूच्या बोटांचे पांढरे ठसे पडले होते. पदभार असलेल्या बाईंचे महिन्यातले पाच-सहा दिवस बैठका, बँक आणि ऑनलाइन माहिती भरण्यात जायचे. त्या दिवशी सात वर्गांना दोन माणसं.

अडचण नेमकी कुठे होती

२०१९ ते २०२२ या काळात गावाने तीन निवेदनं दिली होती. तिन्हींत एकच मागणी : 'आमच्या शाळेस शिक्षक मिळावेत.' तिन्हींवर पोच मिळाली. एकाला उत्तरही आलं : रिक्त पदं शासन स्तरावरून भरल्यानंतर विचार करण्यात येईल. हे उत्तर खोटं नव्हतं. पवित्र पोर्टलवरच्या भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी २०१७ नंतर थेट २०२३ मध्ये झाली. मधल्या काळात नवीन माणूस द्यायला जिल्ह्याकडेही फारसं काही नव्हतं.

चूक मागणीच्या मांडणीत होती. तीन रिकाम्या खुर्च्यांची तीन वेगळी कारणं होती आणि त्यांवरच्या सह्याही वेगळ्या टेबलांवर होत्या. बदलीची आणि निवृत्तीची जागा भरायला भरती किंवा समायोजन (दुसऱ्या शाळेतला जादा शिक्षक इथे देणं) लागणार होतं. कामगिरीवरच्या शिक्षकाला परत आणायला फक्त एक आदेश रद्द व्हायला हवा होता, आणि तो अधिकार जिल्ह्यातच होता. गावाने तिन्ही दुखणी एका ओळीत बांधल्यामुळे सर्वांत अवघड मागणीचं उत्तर तिन्हींना लागू झालं.

दुसरी गोष्ट अधिक बोचरी. कागदावर ही शाळा 'मंजूर ६, कार्यरत ४' अशी दिसत होती. ज्या तालुक्यात एकशिक्षकी शाळा आहेत, तिथे चार शिक्षकांची शाळा यादीत वर येणार नाही, आणि येऊही नये. कार्यालयाने कागद पाहून ठरवलं तर ते अन्यायाचं नव्हतं. कागदच खरा नव्हता.

समोरचे पर्याय

जुलै २०२२ च्या पालकसभेत सर्वांत जोरात आलेली सूचना शाळेला टाळं ठोकायची होती. शेजारच्या तालुक्यात त्याने आठ दिवसांत शिक्षक मिळाल्याचं लोक सांगत होते. विरोध दोन आयांनी केला. टाळं लागलं की मुलांचा दुपारचा आहार बुडतो, आणि नोटीस जाते ती पदभार असलेल्या बाईंना, ज्या सात वर्ग ओढत होत्या. सभेत यावर बराच वाद झाला. शेवटी ठरलं की टाळं नाही. गरज पडली तर मुलांना पालकांसह पंचायत समितीच्या आवारात नेऊन तिथे शाळा भरवायची, तीही आधी लेखी कळवून.

दुसरा पर्याय लोकवर्गणीतून स्वयंसेवक नेमण्याचा. गावातल्या एका डी.एड. झालेल्या मुलीला महिना ४,००० रुपये देऊन ऑगस्टपासून तिसरीचा वर्ग दिला गेला. मुलांचा फायदा झाला, यात शंका नाही. पण सप्टेंबरच्या भेटीच्या अहवालात 'सर्व वर्ग सुरळीत सुरू' अशी नोंद झाली. गाव स्वतःच्या पैशाने आपल्याच मागणीवर पाणी ओतत होतं. शाळा व्यवस्थापन समितीने मग इतिवृत्तात दर महिन्याला वेगळा ठराव लिहायला सुरुवात केली : 'स्वयंसेवक ही तात्पुरती लोकसहभागाची सोय आहे, मंजूर पद रिक्तच आहे.' भेटीला येणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला ते पान दाखवून त्यावर सही घेतली जाऊ लागली. हे पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं.

न्यायालयात जाण्याचा विचारही झाला. खर्च आणि वेळ पाहून तो मागे ठेवला, आणि ते योग्यच होतं. कायद्यात त्याआधीच्या पायऱ्या आहेत, त्या कुणी चढल्याच नव्हत्या.

कोणती कलमं उपयोगी पडली

शिक्षण हक्क कायद्याचं कलम २५(२) : शाळेवर नेमलेल्या शिक्षकाला दुसऱ्या शाळेत किंवा कार्यालयात कामाला लावता येत नाही. अपवाद कलम २७ मधले तीनच : दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. कार्यालयातलं संगणकाचं काम या तिन्हींत बसत नाही.

कलम २६ : शाळेतली रिक्त पदं मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून जास्त नसावीत. सहा पदांच्या शाळेत एक जागा रिकामी राहिली तरी ते प्रमाण सुमारे १७ टक्के होतं. म्हणजे छोट्या शाळेत एकही जागा रिकामी ठेवायला कायद्यात वाव नाही. इथे कागदावर ३३ टक्के आणि वर्गात ५० टक्के जागा रिकाम्या होत्या. 'अजून चार आहेत ना' या वाक्याला हे कलम सरळ उत्तर देतं.

कलम ३२ : मुलाच्या हक्काबाबत स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, निर्णय ३ महिन्यांत द्यावा लागतो, त्यावर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. निवेदनाला मुदत नसते, या तक्रारीला असते.

काय केलं : कागद

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण निम्म्या महिला. इथली समिती कागदावर तशी होती, पण ऑगस्टपर्यंत सभांना चार-पाच पुरुषच बसायचे आणि आयांच्या सह्या नंतर घरी जाऊन घेतल्या जायच्या. हे बदललं ते सभा संध्याकाळी सातऐवजी सकाळी मुलं सोडायला येण्याच्या वेळी ठेवल्यावर.

माहिती अधिकाराचा पहिला अर्ज ८ ऑगस्टला गेला. त्यात संचमान्यता (पटावरून शाळेची शिक्षकपदं ठरवणारा कागद), कामगिरीचा आदेश, अनुदानाचा हिशेब आणि दुरुस्तीचा प्रस्ताव अशा चार गोष्टी विचारल्या होत्या. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांचा असावा लागतो. २ सप्टेंबरला अर्ज त्या कारणाने परत आला आणि जवळजवळ महिना गेला. दुसरा अर्ज ५ सप्टेंबरला, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून, फक्त दोन ओळींचा : कामगिरीच्या आदेशाची प्रत आणि त्या शिक्षकाचा पगार ज्या शाळेच्या पदावर निघतो त्या देयकाची प्रत. ४ ऑक्टोबरला दोन्ही मिळालं. आदेशात मुदत नव्हती, 'पुढील आदेशापर्यंत' एवढंच होतं. बाकीच्या कागदांसाठी अर्जाची गरजच नव्हती. संचमान्यता आणि यू-डायसचा (शाळेच्या वार्षिक सरकारी माहितीचा) अहवाल शाळेत असतो आणि समिती तो पाहू शकते.

याच काळात एक नवीनच संकट पुढे आलं. संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर ठरते, आणि त्या वर्षी आधार वैध झालेलीच मुलं मोजली जाणार होती. विद्यार्थ्यांच्या नोंदीच्या पोर्टलवर पहिली ते पाचवीची ९३ पैकी ८४ मुलंच वैध दिसत होती. ९१ च्या खाली गेलं की चार पदांची तीन होतात. मग रिक्त जागा मागायची तरी कुठली, जागाच राहणार नाही. ज्या दिवशी हे समजलं त्या दिवसापासून तीन आठवडे समितीने बाकी सगळं बाजूला ठेवलं, आणि हा या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता.

नऊ नावं एकेक करून तपासली. तिघांच्या नावात पोर्टलवर भरतानाच चूक झाली होती, ती जनरल रजिस्टर पाहून शाळेच्या लॉगिनमधून दुरुस्त झाली. दोघांची जन्मतारीख आधारवर चुकली होती, ती जन्मदाखला घेऊन आधार केंद्रावर बदलून आणावी लागली. त्यासाठी पालकांची दोन-दोन दिवसांची मजुरी बुडाली, गाडीभाडं वर्गणीतून दिलं. चौघांकडे आधारच नव्हतं. ग्रामपंचायतीत शिबिर लावून दोघांचं झालं. उरलेली दोन मुलं ऊसतोडीच्या तळावर जन्मलेली, त्यांची जन्मनोंदच नव्हती. वर्ष उलटल्यावर अशा नोंदीला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, ते वेळेत होणं शक्य नव्हतं. मुदत पुढे ढकलली गेली म्हणून सातही दुरुस्त्या पोर्टलवर चढल्या. आकडा ९१ वर थांबला. चौथं पद एका मुलाच्या फरकाने वाचलं. ती दोन मुलं मात्र रोज वर्गात बसत असूनही शासनाच्या मोजणीत नव्हती, आणि ही गोष्ट प्रत्येक निवेदनात लिहायला हवी होती. ती एकाच निवेदनात आली.

काय केलं : तक्ता

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेचा ठराव पुन्हा 'शिक्षक मिळावेत' असाच झाला होता. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तो नव्याने लिहिला. तीन मागण्या, तीन परिच्छेद, प्रत्येकाखाली कलम आणि ती मागणी कोणत्या अधिकाऱ्याच्या हातात आहे ते. ग्रामसेवकाच्या सहीची प्रत त्याच आठवड्यात घेतली. नंतर मागितली की इतिवृत्त 'लिहायचं राहिलंय' असं ऐकावं लागतं.

पुढचं पाऊल एका पालकाने सुचवलं. फक्त आपली शाळा दाखवायची नाही, केंद्रातल्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या) सगळ्या १४ शाळा एका पानावर मांडायच्या. पाच रकाने : पट, अनुसूचीप्रमाणे शिक्षक, मंजूर पदं, पगारावर असलेले, प्रत्यक्ष वर्गावर असलेले. पहिले चार रकाने कागदांवरून भरले. पाचवा त्या-त्या गावच्या पालकांना विचारून आणि स्वतः जाऊन. पहिल्या मसुद्यात एक चूक सापडली. एका शाळेतली शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर होती आणि तिला 'गैरहजर' धरलं होतं. तक्ता तसाच गेला असता तर एका चुकीवर बोट ठेवून सगळं पान बाजूला सारलं गेलं असतं. मग शेवटच्या रकान्यात रजेवर असलेल्यांची वेगळी खूण केली.

तक्त्यातून दोन गोष्टी निघाल्या. आणखी दोन शाळांचे शिक्षक कामगिरीवर होते. आणि हमरस्त्यावरच्या एका शाळेत ५२ मुलांना ४ शिक्षक होते, जिथे अनुसूचीप्रमाणे दोन बसतात.

आता खरा पेच पडला. त्या शाळेचं नाव घेऊन शिक्षक मागायचा का? काहींचं म्हणणं होतं, हक्काचं आहे, मागायचं. पण त्या गावचे पालकही आपलेच नातेवाईक, सोयरे. त्यांच्या मुलांसमोरचा शिक्षक उचलून आपल्याकडे आणणं म्हणजे दोन गावांत कायमची तेढ. समितीचे तिघेजण त्या गावात जाऊन तिथल्या समितीला तक्ता दाखवून आले. ते खूश झाले नाहीत, पण त्यांना बाहेरून कळलं नाही, समोर बसून कळलं. अर्जात मग शाळेचं नाव न घेता 'केंद्रातील अतिरिक्त शिक्षकांचं समायोजन नियमाप्रमाणे व्हावं' एवढंच लिहिलं आणि तक्ता जोडला. कामगिरीच्या मागणीत बाकीच्या दोन शाळाही सामील झाल्या. एका गावाचं गाऱ्हाणं तीन गावांचं झालं.

नोव्हेंबरच्या अखेरीस कलम ३२ खालची तक्रार दाखल झाली. त्यासोबत गटशिक्षणाधिकारी आणि पोलीस ठाण्याला पत्र : १२ डिसेंबरपर्यंत निर्णय न झाल्यास पंचायत समितीच्या आवारात शाळा भरवू. आठवड्याभरात जिल्हा परिषदेत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे बैठक लागली. तीन गावांचे नऊ जण गेले, त्यांत पाच आया. बोलायचं एकानेच असं ठरलं होतं, आणि बोलली ती तिसरीतल्या मुलीची आई. बैठक वीस मिनिटं चालली. साहेबांनी तक्त्यावरचा चौथा आणि पाचवा रकाना बोटाने जुळवून पाहिला आणि शेजारी बसलेल्या अधिकाऱ्यांना विचारलं, "हे पगार कुठल्या शाळेवर घेतात?" त्या प्रश्नाचं उत्तर देयकाच्या प्रतीत होतं, आणि ती प्रत टेबलावर होती.

तिन्ही कामगिरी रद्द झाल्याचे आदेश डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात निघाले. २ जानेवारी २०२३ ला शिक्षक शाळेत हजर झाले. त्याच महिन्यात एका अतिरिक्त उपशिक्षकाचं सत्र संपेपर्यंत समायोजन मिळालं. आवारात शाळा भरवण्याची वेळ आली नाही. पत्रामुळे काम झालं की तक्त्यामुळे, यावर गावात अजून दोन मतं आहेत. तारखेशिवाय बैठक लागली नसती आणि तक्त्याशिवाय बैठकीतून आदेश निघाला नसता, असं दिसतं.

पैशांची बाजू

१३१ च्या पटाला समग्र शिक्षा योजनेमधून वर्षाला ५०,००० रुपये संयुक्त शाळा अनुदान बसतं (१०० ते २५० पट). त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर. वीजबिल, खडू, नोंदवह्या, नेट, किरकोळ दुरुस्ती सगळं यातच. अनुदान दोन टप्प्यांत आलं, दुसरा टप्पा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. खात्यावर पैसे नाही, खर्चाची मर्यादा दिसते, ३१ मार्चला न वापरलेली रक्कम परत जाते. तोवर तीन महिन्यांचं वीजबिल थकलेलं होतं. पुढच्या वर्षी समितीने जानेवारीतच खरेदीचा ठराव, तीन दरपत्रकं आणि दुरुस्तीचं अंदाजपत्रक तयार ठेवलं, त्यामुळे पैसे आल्यापासून चार दिवसांत खर्ची पडले.

स्वयंसेवकाचं मानधन १५ व्या वित्त आयोगाच्या निधीतून द्यावं, अशी सरपंचांची मनापासूनची इच्छा होती. ग्रामसेवकाने ती थांबवली ते बरं झालं. अबंधित (खर्चाची बाब ठरवून न दिलेल्या) निधीतूनही पगार-मानधन देता येत नाही, पुढे वसुली निघाली असती. बंधित ६० टक्के पाणी-स्वच्छतेसाठी होते, त्यातून हात धुण्याची जागा आणि मुलींच्या स्वच्छतागृहाला नळ झाला. गळकं छप्पर अबंधितमधून. पण ही कामं ग्रामपंचायत विकास आराखड्यात २ ऑक्टोबरनंतरच्या ग्रामसभांत चढवावी लागतात, नाहीतर वर्ष जातं. पडीक खोलीच्या निर्लेखनाचा (ती अधिकृतपणे मोडीत काढण्याचा) प्रस्ताव बांधकाम उपविभागात गेला आहे. तो मंजूर होईपर्यंत नव्या खोलीची मागणीच करता येत नाही.

निष्पत्ती

जानेवारी २०२३ मध्ये शाळेत पाच शिक्षक झाले आणि मधलं दार पुन्हा चौकटीत बसलं. जून २०२३ मध्ये समायोजनाचे शिक्षक परत गेले, पुन्हा चार. जुलै २०२३ मध्ये शासनाने निवृत्त शिक्षकांना महिना २०,००० रुपयांवर कंत्राटी नेमायला परवानगी दिली. समितीने पहिल्याच आठवड्यात शेजारच्या गावच्या निवृत्त गणित शिक्षकांची लेखी संमती जोडून मागणी केली. ते ऑगस्ट अखेरीस रुजू झाले. पवित्र पोर्टलच्या भरतीतून मार्च २०२४ मध्ये गणित-विज्ञानाची शिक्षिका मिळाली आणि कंत्राटी नेमणूक संपली. जून २०२३ मध्ये शाळेतून एकच दाखला गेला, आणि २०२२ मध्ये गेलेल्या पाचांपैकी दोन मुलं परत आली.

२०१९ ची जागा मात्र रिकामीच आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठं नुकसान दाखल्यांचं झालं. मे महिन्यात शिक्षक निवृत्त होणार हे वर्षभर आधी माहीत असतं. फेब्रुवारीतच लेखी मागणी गेली असती आणि पालकांना ती दाखवली असती, तर पाचातले काही दाखले थांबले असते. पट घसरला की पद घसरतं, पद घसरलं की पट आणखी घसरतो. हे चाक उलटं फिरवायला फार जोर लागतो.

कामगिरीवरच्या शिक्षकाशी कुणी आधी बोललं नाही, ही दुसरी चूक. त्यांनी ती जागा मागून घेतली नव्हती. गावात मात्र त्यांच्या नावाने बोटं मोडली गेली, आणि परत आल्यावर पहिले दोन महिने त्यांना वर्गात उभं राहणं जड गेलं. समितीच्या अध्यक्षांनी ऑगस्टमध्ये एकदा भेटून सांगितलं असतं की तक्रार आदेशाविरुद्ध आहे, माणसाविरुद्ध नाही, तर कदाचित त्यांनी स्वतःच परतीचा अर्ज केला असता.

तात्पुरत्या समायोजनाबाबतही सावध राहायला हवं होतं. कलम २५(२) दोन्हीकडून चालतं. पद मंजूर असलेल्या शाळेतून शिक्षक तोंडी आदेशाने आपल्याकडे आला, तर तेच कलम आपल्यावर उलटतं. इथे तो शिक्षक नियमाने अतिरिक्त ठरलेला होता म्हणून निभावलं, पण हे तपासलं गेलं ते आदेश निघाल्यावर.

फाईल दीड वर्ष अध्यक्षांच्या घरी कपाटात होती. दोन वर्षांची मुदत संपून नवी समिती आली तेव्हा देयकाची प्रत शोधायला चार दिवस लागले. आता मूळ फाईल शाळेत आणि एक प्रत ग्रामपंचायतीत आहे. नव्या समितीच्या प्रत्येक मासिक सभेचं इतिवृत्त त्याच ओळीने सुरू होतं : मंजूर ६, पगारावर ५, वर्गावर ५, रिक्त १.